हाडाची सवड

वेड्यावाकड्या दातांना तार लावण्याच्या उपचाराविषयी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी जी समजूत रूढ आहे ती साधारणपणे अशी, की तार हा एक लगाम असून डॉक्टर तो दर महिन्याला थोडा थोडा आवळत जातो आणि त्या ओढीने दात निमूट रांगेत येऊन उभे राहतात. ही समजूत सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. परंतु तिच्यात या उपचारातला मुख्य कर्ता, म्हणजे दात ज्यात रुजलेला असतो ते जबड्याचे हाड, साफ विसरले गेलेले असते. उपचाराला इतके दिवस का लागतात, पहिल्या आठवड्यात काय दुखेल, मध्येच काहीच घडत नाही असे का वाटते आणि तार निघाल्यानंतरही डॉक्टर पाठ का सोडत नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या हाडाच्या स्वभावात सापडतात.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये परिदंत बंध या नावाचा तंतूंचा एक पदर असतो. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर भरते आणि दात या पदरावर जणू टांगलेला असतो. तारेने दातावर हलका, पण टिकून राहणारा दाब दिला की पदर जिकडे दबतो तिकडे हाड झिजवणाऱ्या पेशी जमतात, जिकडे ताणला जातो तिकडे हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि पुढची भिंत विरत व मागची उभी राहत दात आपल्या कोनाड्यासह सरकतो. हा वेग महिन्याला सुमारे १ मिलिमीटर इतकाच असतो. दाब वाढवला की वेग वाढेल ही अपेक्षा मात्र येथे फसते, कारण जादा दाबाने पदरातील बारीक रक्तवाहिन्या चेपतात, तेवढ्या जागेतील पेशी मरतात आणि तो मृत भाग साफ होईपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. शिवाय मुळाचे टोक झिजण्याचा धोका असतो तो वेगळाच.

दारव्हेकरांना हे तत्त्व रेल्वेच्या उदाहरणाने चटकन उमजण्यासारखे आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी नॅरोगेज गाडी याच गावावरून जात असे आणि तिच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग दारव्ह्यावरून नेला जात आहे, तो काही जुने रूळ बाजूला सारून होणारा नाही; त्यासाठी खालचा भरावच नव्याने घालावा लागतो. दातांचा भराव म्हणजे हाड. तो घालणारा मजूर शरीराच्या आत बसलेला आहे, आणि जास्त मजुरी देऊन त्याच्याकडून काम लवकर उरकून घेता येत नाही.

तार बसवण्याच्या दिवशी दुखण्यासारखे जवळजवळ काहीच नसते, आणि इंजेक्शनच्या धास्तीने आदली रात्र काढणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवणे चांगले. जबड्याचे क्ष-किरण चित्र आणि दातांच्या मापावरून ओतलेला प्लास्टरचा नमुना ही पूर्वतयारी अगोदरच्या भेटीत झालेली असते. प्रत्यक्ष कामात दाताच्या दर्शनी भागावर सौम्य केलेल्या फॉस्फोरिक आम्लाची जेली अर्धा मिनिट लावून धुतात. हवेच्या झोताने दात कोरडा केला की त्याची चकाकी गेलेली असते आणि तेवढा भाग खडूसारखा निस्तेज पांढरा दिसतो. आम्लाने अशा खरबरीत झालेल्या एनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाला, राळ घट्ट धरते हे अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा ठोकून बसवण्याची रीत मागे पडली आणि दातावर थेट चिकटणारा ब्रॅकेट आला. ब्रॅकेट म्हणजे मध्ये आडवी खाच असलेला धातूचा इवलासा तुकडा. निळ्या प्रकाशाने चिकटद्रव्य कडक होण्यापूर्वी तो दातावर नेमका कुठे ठेवायचा, यातच कारागिराच्या हाताची परीक्षा असते. तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर वर्षभराने एक दात शेजाऱ्यापेक्षा खाली उतरलेला दिसतो. खाचेची उंची बहुधा ०.५६ मिलिमीटर असते आणि तीतून ओवली जाणारी पहिली तार त्याहून बरीच बारीक. ही तार निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निघालेला हा धातू १९७० च्या दशकात दंतवैद्यकात आला. वेड्यावाकड्या खाचांतून कशीही वाकवली तरी ती आपली मूळ कमान विसरत नाही आणि त्या कमानीकडे परतताना महिनाभर हलका दाब देत राहते.

यवतमाळ जिल्ह्यात याच टप्प्यावर एक निराळी अडचण उभी राहते. पांढरकवड्याच्या परिसरासह जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर नसावे असा दंडक असून, आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या पोटात ते दीर्घकाळ जादा गेले की घडत असलेल्या एनॅमलवर आधी पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग उमटतात. ‘पोरगं दात घासत नाही’ म्हणून घरात जे बोलणे खाल्ले जाते त्याचे मूळ पुष्कळदा अशा विहिरीत किंवा हातपंपात असते. असे एनॅमल आम्लाला नीट दाद देत नाही, त्यामुळे ब्रॅकेट वारंवार निघतो. म्हणून जाणता दंतवैद्य तार लावण्यापूर्वी रुग्णाचे बालपण कोणत्या गावी आणि कोणत्या पाण्यावर गेले हे विचारतो आणि आम्लाचा अवधी त्या बेताने वाढवतो.

खरे दुखणे घरी गेल्यावर, तीनचार तासांनी सुरू होते, दुसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि आठवड्याच्या आत ओसरते. ठणका नसतो, पण घास चावताना दात हुळहुळतात, जणू प्रत्येक दात आंबला आहे. ही हाडात काम सुरू झाल्याची खूण होय. सहन होत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. दाह शमवणाऱ्या इतर वेदनाशामकांचा सतत वापर मात्र टाळतात, कारण ज्या दाहामुळे दुखते त्याच्याच आधाराने हाड वाट देत असते. गाल आणि ओठ ब्रॅकेटवर घासून सोलवटतात, त्यासाठी दिलेले मेण मुगाएवढे घेऊन टोचणाऱ्या जागी दाबायचे असते. या दिवसांत वरणभात, मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या आणि दुधात कुस्करलेली भाकर हा वऱ्हाडी घरातला आजारपणाचा स्वयंपाक अगदी चपखल बसतो.

पुढची दीडदोन वर्षे पथ्य मात्र पाळावे लागते. ऊस दाताने सोलणे, फुटाणे, चिक्की आणि गोवरीच्या आरात भाजलेल्या रोडग्याचे कडक पापुद्रे यांनी ब्रॅकेट उखडतो. रोडगा वरणात कुस्करून खाल्ला तर कुणाची हरकत नसते. मोठ्या वयाच्या रुग्णांत खर्रा हा सर्वांत हट्टी शत्रू ठरतो, कारण त्यातील सुपारीचा खडा तार वाकवतो आणि तंबाखू-चुन्याचा लगदा ब्रॅकेटभोवती थापला जातो. त्या माणसाच्या तोंडाला दातांच्या रांगेपेक्षा मोठा धोका कशाचा आहे, हे त्याला सांगणे हाही उपचाराचाच भाग होय. तार धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या पारदर्शक निवडल्या तर हळदीच्या वरणाने त्या दोन दिवसांत पिवळ्या होतात, म्हणून अनुभवी हात करड्या किंवा निळ्या कड्या सुचवतो. घासण्यात हयगय झाल्यास महिन्याभरातच ब्रॅकेटच्या कडेने एनॅमल विरघळून पांढरे डाग पडू लागतात, आणि तार निघाल्यावर सरळ दातांवर त्या चौकटी तशाच राहतात.

जागा कमी आणि दात रुंद असतील तर उपदाढा, म्हणजे सुळ्यामागचे छोटे दात, काढाव्या लागतात; तेथे वरचा दात काढला की नजर कमी होते, ही जुनी भीती आडवी येते. डोळ्याची नस आणि दाताची नस यांच्या वाटा वेगळ्या आहेत एवढेच तिचे उत्तर असले, तरी ते आजीला पटेपर्यंत घाई न करणे इष्ट. खुद्द या शास्त्रातही हा वाद झालेला आहे: दातांच्या ठेवणीचे १८९९ साली वर्गीकरण करणारे एडवर्ड अँगल दात काढण्याच्या ठाम विरोधात होते, तर ज्यांची पद्धत पुढे भारतातील दंत महाविद्यालयांत बरीच रुजली ते त्यांचेच ऑस्ट्रेलियन शिष्य रेमंड बेग यांनी तो आग्रह सोडला.

तालुक्याच्या गावी या विषयाचा तज्ज्ञ बहुधा महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी येतो, नाहीतर रुग्णाला सुमारे ४० किलोमीटरवरच्या यवतमाळला किंवा त्याहून पुढे सावंगी-नागपूरच्या दंत महाविद्यालयांकडे जावे लागते. कापूस वेचणीच्या हंगामात एक खेप चुकते, परीक्षेत दुसरी चुकते, आणि लग्न जमण्याच्या आत सहा महिन्यांत सगळे उरकावे असा घरच्यांचा आग्रह त्यावर असतो. दोन खेपांमधल्या चारसहा आठवड्यांच्या अंतराकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे बरोबर नाही, कारण तेवढा अवधी हाडालाही हवाच असतो. परंतु तारेचे टोक गालात रुतले असताना किंवा ब्रॅकेट निघून लोंबत असताना तीन महिने न जाणे, हे मात्र त्या सवडीत बसत नाही.

तार निघते त्या दिवशी जीभ दातांवरून पुन्हा पुन्हा फिरते, कारण इतक्या महिन्यांत विसरलेला गुळगुळीतपणा तिला सापडलेला असतो. त्याच वेळी डॉक्टर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी काढता-घालता येणारी पट्टी, हातात ठेवतो, आणि आता सुटलो असे वाटणारा चेहरा किंचित उतरतो. दाताभोवतीचे हाड अजून कोवळे असते आणि हिरडीतले ताणलेले तंतू जुन्या जागेची ओढ वर्षभर विसरत नाहीत. म्हणून सुरुवातीचे काही महिने जेवण आणि दात घासणे एवढे सोडून दिवसरात्र पट्टी घालायची, ती गरम पाण्याने धुवायची नाही आणि जेवताना कागदात गुंडाळून ठेवायची नाही, कारण असे रिटेनर उष्ट्याखरकट्याबरोबर फेकले जातात. भराव पक्का बसण्याआधी त्यावरून गाडी सोडत नाहीत, एवढे ज्या गावाने जवळून पाहिले आहे त्या गावाला ही शेवटची ताकीद वेगळी समजावून सांगावी लागू नये.