दोन पत्रं आणि एक बेरीज

मुलांनो, गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलीच, चौथीत माझ्या वर्गात होती. आई-वडील ऊसतोडीला जायचे, ही आजीजवळ राहून शिकली. आता बारावी झाली आणि हातात दोन कॉलेजांची पत्रं.

पहिलं कॉलेज मोठ्या नावाचं. पण फीसाठी बँकेचं कर्ज काढा, म्हणत होतं. दुसऱ्याचं नाव त्या मानानं लहान; पण फी, वसतिगृह, मेस सगळं माफ.

"बाई, कुठं जाऊ?" ती म्हणाली.

वडील म्हणाले, "फुकट देतेत म्हंजी काहीतरी गोम असंल, बाई."

मी लगेच उत्तर दिलं नाही. बारावीनंतर मलाही पुण्याला जायचं होतं; मेसच्या बिलापुढं गाडी अडली आणि मी जवळच डी.एड. केलं. म्हणून म्हटलं, आधी समजून घेऊ.

कॉलेजं अशी मदत का देतात? तुम्हाला कॉलेज हवं असतं, तशी कॉलेजलाही चांगली मुलं हवी असतात! १९१३ साली सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण करार होता: परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. संस्थानालाही शिकलेली माणसं हवी होती.

पुढं याच कोलंबियासह अमेरिकेतली नऊ नामांकित विद्यापीठं दरवर्षी एकत्र बसायची. एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाला, तर सगळ्यांनी मदत सारखीच द्यायची, असं ठरवायची. म्हणजे मुलं पैसा बघून नव्हे, शिक्षण बघून निवडतील आणि मदत गरजूंनाच जाईल, असं त्यांचं म्हणणं. पण मोंढ्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी सोयाबीनचा भाव आधीच ठरवला, तर शेतकऱ्याचं काय होतं? तिथल्या सरकारला हे तसंच वाटलं. १९९१ साली खटला झाला आणि हळूहळू चुरस लागली. २००१ मध्ये प्रिन्स्टननं कर्जाऐवजी परत न करायची मदत सुरू केली. २००४ मध्ये हार्वर्डनं जाहीर केलं, वर्षाला ४० हजार डॉलरपेक्षा कमी कमाई असलेल्या आईबापांनी काहीच भरायचं नाही. चुरशीचा एक तोटाही असतो बरं! हुशार मुलं ओढण्याच्या नादात कधी कधी गरज नसलेल्यालाच जास्त पैसा मिळतो.

मदतीत काय काय येतं, तेही बघावं लागतं. आपल्या तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या आणि मुंबईच्याही विद्यार्थ्यांनी संप केला. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मागासवर्गीय मुलांची वसतिगृह आणि जेवणाची सवलत बंद झाली होती, ती परत द्या म्हणून. नुसती फी माफ होऊन पोट भरत नाही ना!

मग आम्ही जुन्या वहीच्या मागच्या पानावर चार वर्षांची बेरीज मांडली. फी, खोली, जेवण, पुस्तकं, एसटीचं भाडं, कर्जाचं व्याज. पहिल्या कॉलेजची बेरीज बघून वडील गप्प झाले. दुसऱ्या कॉलेजला तिनं स्वतः फोन लावला: "माफी चारही वर्षं आहे का? नापास झाले तर?" उत्तर आलं, चारही वर्षं, पण दरवर्षी सगळे विषय सुटले पाहिजेत.

"हीच ती गोम," मी वडिलांना म्हटलं. ते हसले.

ती दुसऱ्या कॉलेजात गेली. मोठं नाव हुकल्याचं तिला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. पण घरावर कर्ज नाही आणि पहिलं वर्ष सगळे विषय सुटलेत.

आठवीतल्या मुलांनो, तुम्ही थांबू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलं आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. उद्याच आपल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा. आणि कुठलंही पत्र आलं, की आधी वहीचं मागचं पान उघडा.