अधांतरी दार

मँड्रेक वाचत वाढलेल्यांना जादूची एक सवय जडलेली असते. इंद्रजाल कॉमिक्समधला तो मिशीवाला जादूगार हात फिरवायचा आणि गुंडाच्या बंदुकीचा साप व्हायचा. पण तो भास. संमोहन उतरलं की बंदूक पुन्हा बंदूक. मार्व्हल कॉमिक्सच्या डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराच्या जुन्या गोष्टींत ही सोय नाही. १९६३ साली ‘स्ट्रेंज टेल्स’च्या ११०व्या अंकात अवघ्या पाच पानांत तो अवतरला, तो दुसऱ्याच्या स्वप्नात शिरूनच. पुढे चित्रकार स्टीव्ह डिटकोनं त्याच्यासाठी जी जगं काढली ती खरोखरची आहेत. तिथे जीव जाऊ शकतो.

ही पानं मला भराभर वाचताच येत नाहीत. लेखक स्टॅन लीचे गडगडाटी मंत्र मी ओलांडून जाते (खरं सांगायचं तर हसू येतं) आणि रेंगाळते पोकळीत. अधांतरी वळत गेलेली वाट. तिच्या टोकाला दार, पण त्याला ना भिंत ना घर. आत भलतंच आभाळ. आणि स्ट्रेंजचे ते हात! मधली दोन बोटं मुडपलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ. स्पायडरमॅनला जाळं सोडायलाही डिटकोनं हीच बोटं दिली होती.

१९६५ साली त्याला इटर्निटी भेटते. माणसाची नुसती बाह्यरेषा, आत ग्रहतारे. तिथे मी थांबले आणि उगाच मागची पानं चाळली. मागे स्ट्रेंज अजून तिला शोधतच होता, पुढे ती भेटलेली होती, आणि दोन्ही माझ्या मांडीवर एकाच वेळी. चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत क्षण गेला की युग, हे माझ्या डोळ्यांवर सोडलेलं.

तेव्हाच्या अमेरिकी कॉलेजातल्या पोरांना वाटे, हा चित्रकार नशापाणी करत असणार. डिटको प्रत्यक्षात बुद्धिवादी लेखिका आयन रँडला मानणारा, मुलाखती टाळणारा, मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत निमूट काम करणारा माणूस. मला याचं नवल वाटत नाही. नशेत दाराची चौकट इतकी नेटकी निघत नाही. त्याच्या जगांत गोंधळ नाहीच. तिथे नियम आहेत, फक्त ते आपल्याला कोणी सांगितलेले नाहीत. भीती वाटते ती त्याची.

१९६६ साली डिटकोनं मार्व्हल सोडलं. २०१६च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’ सिनेमात अख्खं न्यूयॉर्क दुमडतं, डोळे दिपतात. पण तिथली पात्रं एकमेकांना नियम समजावून सांगत बसतात.