फूल उलटं करून बघा

चिंचवड मोरया गोसावींचं, तसंच मायक्रोमीटरचंही. पहिल्या शिफ्टला निघणारा इथला माणूस शतांश मिलिमीटरच्या फरकावर जॉब रिजेक्ट करतो. रविवारी घोराडेश्वराच्या डोंगरावर मात्र हाच माणूस दिसेल त्याला ‘पिवळं रानफूल’ म्हणून मोकळा होतो. मला याचा राग येतो.

श्रावण-भाद्रपदात मावळातल्या काळ्या खडकांवर आणि उतारांवर सूर्यफुलाची गोतावळ फुलते. वरून फोटो काढला तर सगळी फुलं सारखीच. खरी ओळख खाली असते. गुडघे टेकायचे आणि फूल उलटं करायचं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो. कडेची एकेक पाकळी हे स्वतंत्र फूल, मधल्या चकतीतला एकेक ठिपका हेही. पायथ्याच्या वाटेवरच्या पाथरीला चकतीच नाही, सगळी फुलं पट्टीसारखी. पान तोडलं की दूध येतं. सोनकीला चकती असते, आणि फुलाखालच्या हिरव्या वाटीच्या पाती एका ओळीत, एका मापाच्या. एकदांडीच्या लांब, बिनपानी दांड्यावर एकच फूल, पांढुरक्या पाकळ्यांच्या टोकाशी दात. ही मूळची अमेरिकेची. तिच्यासाठी डोंगर चढायला नको, कंपनीच्या कंपाउंडपाशीही भेटते. खरचटलं की पोरं तिचाच पाला चोळायची.

माझा जीव फत्तरसुव्यावर. माती नावालाच असलेल्या भेगेत हा खडकाला बिलगून बसतो; पानं शेपूसारखी चिरलेली, पिवळ्या पाकळ्या मोजक्याच. अशा उघड्या कातळाला ‘ओसाड’ ठरवून तिथे झाडांसाठी खड्डे खणणाऱ्यांनी आधी इथे वाकून बघावं.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात लिहून काढणारे थिओडोर कूक मुळात इंजिनिअर. वसईच्या रेल्वेपुलाचं काम केलं, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. पाती-केसांचे फरक टिपणं त्यांना परकं वाटलं नसावं.

दसऱ्यानंतर डोंगर वाळतो, हौशी मंडळी फिरकत नाहीत. पण बी तेव्हाच हाती लागतं आणि शंका उरत नाही: एकदांडीच्या बीला पिसांसारखा तुरा, सोनकीला मऊ पांढरे केस, फत्तरसुव्याला दोन ताठ कुसळं. दहा पटींचं भिंग खिशात असलं की पुरे.