काटा आणि कळ

आमच्या घराच्या गच्चीवर चाळीस फूट उंचीचा एक लोखंडी मनोरा आहे आणि त्याच्या माथ्यावर तीन आडव्या दांड्यांची अँटेना आहे. पेठेंत नव्यानें राहावयास आलेलीं माणसें तिला दूरदर्शनची जुनी अँटेना समजतात व ती अजून उतरवली कां नाहीं असें आमच्या वहिनींना विचारतात. वहिनींचें उत्तर ठरलेलें असतें : "अहो, ती माझी सवत आहे. तिला उतरवायला सांगणारी मी कोण ?"

ही सवत घरांत आणली ती आमच्या थोरल्या बंधूंनीं. दादांना हौशी रेडिओचा परवाना १९७४ सालीं मिळाला. तेव्हांपासून 'व्हीयू' या भारताच्या अक्षरांनीं आरंभ होणारें त्यांचें आकाशवाणीवरील नांव जगाच्या कानाकोपऱ्यांत किती वेळां उच्चारलें गेलें असेल याची गणती त्यांच्या वह्यांतच सांपडेल. घरांत कोणाला 'हा कसला छंद !' असें वाटलें नाहीं असें नाहीं. परंतु पुढें पुढें दादांच्या खोलींतून येणारा तो खरखराट देवघरांतील घंटेइतकाच आमच्या अंगवळणीं पडला. दादांचें वय आज सत्त्याहत्तर आहे. आम्ही त्यांच्याहून नऊ वर्षांनीं लहान.

ज्यांना या विषयाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. ही अँटेना 'यागी' जातीची. १९२६ सालीं जपानच्या तोहोकू विद्यापीठांत उदा व यागी या दोन संशोधकांनीं ती जगापुढें मांडली. तिचा गुण असा कीं, ती आपली शक्ति चोहोंकडे उधळीत नाहीं. ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला ती एकवटते व ऐकतेही मुख्यतः त्याच दिशेचें. म्हणजे ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याकडे तिचें तोंड फिरविलें पाहिजे. आतां हें तोंड कोणीकडे फिरवावें, हाही एक मौजेचा प्रश्न आहे. भिंतीवरच्या नकाशांत अमेरिका पश्चिमेला दिसते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळें पुण्याहून न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेपासून ३३४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ उत्तरेकडे निघतो. लंडन ३१९ अंशांवर आहे, तर टोकियो ५९ वर. दादांच्या टेबलावर असा एक हातानें काढलेला गोल नकाशा कांचेखालीं आहे. त्यांत पुणें मध्यभागीं असून सारें जग त्याच्याभोंवतीं आहे. पुणेकरांना हा नकाशा विशेष पटतो !

अँटेना फिरविण्याचें काम मनोऱ्यावर बसविलेलें एक विजेचें यंत्र करतें. त्याला रोटेटर म्हणतात. आमचा रोटेटर जुना आहे, पण मोठा इमानी आहे. त्याच्या आंत चोवीस व्होल्टवर चालणारी मोटर आहे. वाऱ्यानें अँटेना आपोआप फिरूं नये म्हणून दांत्यांत अडकणारी एक पोलादी पाचर आहे. आणि अँटेनेबरोबर फिरणारा पांचशें ओहमचा एक पोटेन्शोमीटर आहे. खालीं दादांच्या टेबलावर याची पेटी असते. तिच्यावर तीन कळा व एक काटा. मधली कळ दाबली कीं पाचर सुटते. डावी वा उजवी दाबली कीं अँटेना त्या बाजूला फिरते. आणि काटा ती कोठें आली तें दाखवितो. मध्यभागीं उत्तर आणि दोन्ही टोकांना दक्षिण, अशी त्या काट्याची मांडणी.

तीन वर्षांपूर्वीं दादांचा काचबिंदू बळावला. वृत्तपत्र गेलें, पोथी गेली, नातवंडांचे चेहरे गेले. पण रेडिओ राहिला, कारण तो कानांचा व बोटांचा विषय होता. दर रविवारीं सायंकाळीं एकवीस मेगाहर्ट्झवर ब्रिटनमधील एका वृद्ध गृहस्थांशीं त्यांचें बोलणें होई. ही भेट कित्येक वर्षें चाललेली होती. दोघांनीं एकमेकांना कधीं पाहिलें नाहीं, पण मुलांचीं लग्नें, पत्नीचें आजारपण, पेन्शनीचा कागद, सारें त्या एका तासांत येऊन गेलेलें होतें. कळा दाबून मनांत अंक मोजावयाचे व त्यावरून दिशा ओळखावयाची, अशी युक्ति दादांनीं काढली होती, आणि ती त्यांनीं घरांत कोणालाही सांगितलेली नव्हती.

एका रविवारीं तो मोजण्याचा अंदाज चुकला. अर्धा तास दादा पुकारीत राहिले. उत्तर आलें नाहीं. "आज वातावरण बंद आहे," म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशीं आम्ही कांहीं कामासाठीं त्या खोलींत गेलों तों काटा आग्नेयेस होता ! लंडनकडे त्यांनीं पाठ केली होती. आम्हीं तें त्यांना सांगितलें. आज वाटतें, सांगितलें नसतें तर बरें झालें असतें. दादा कांहीं बोलले नाहींत. सायंकाळीं त्यांनीं वहिनींकडून एक जुनी धुवट पासोडी मागून घेतली व रेडिओवर पांघरली. पुढचे दोन महिने ती तशीच होती. त्या गृहस्थांचें एक पत्र आलें, तेंही त्यांनीं वाचून दाखवूं दिलें नाहीं. वहिनी आम्हांला एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, सवत रुसली म्हणजे घरांत इतकी शांतता होते हें मला माहीत नव्हतें."

तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, अँटेना फिरविण्याचें काम संगणकाकडे द्यावें. तयार नियंत्रकाची चौकशी केली तर बाहेरून मागविण्याच्या खर्चासह पस्तीस हजारांचा आंकडा ऐकावयास मिळाला. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसानें हा आंकडा ऐकून खालीं बसावें, तसे आम्ही बसलों. पण दादांची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "लहान आजोबा, पस्तीस हजार कशाला ? तपकीर गल्लींत चला माझ्याबरोबर."

बुधवार पेठेंतील त्या गल्लींत आम्हीं एक दुपार घालविली. एक आर्डुइनो, चार रिले असलेली एक पट्टी, कांहीं रोधक व धारित्रें, फेराइटचीं कडीं, तारा व एक डबी. सगळ्यांचे मिळून दोन हजार एकशें चाळीस रुपये झाले. आर्डुइनो हें पोस्टकार्डाहून लहान असें एक संगणकी मंडल असून २००५ सालीं इटलींतील इव्रेआ येथें तें विद्यार्थ्यांसाठीं निर्माण झालें. थोडक्या पैशांत शिकणाऱ्यांच्या हातीं कांहीं तरी पडावें हा त्यामागचा हेतु. तो आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्याही उपयोगीं पडला.

त्याचें काम समजण्यास कठीण नाहीं. काट्याला जो विजेचा दाब मिळतो तोच या मंडलाला वाचावयास द्यावयाचा. आमच्या पेटींत हा दाब तेरा व्होल्टपर्यंत चढे आणि आर्डुइनोला पांचाहून अधिक सोसत नाहीं. म्हणून दोन रोधक जोडून तो वांटून घेतला. शून्य ते पांच व्होल्टच्या अंतराचे आर्डुइनो १०२४ भाग करतें, म्हणजे पूर्ण वर्तुळांत एका अंशाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शापर्यंत त्याची नजर पोंचते. दादांच्या तरुणपणच्या डोळ्यांनाही काट्यावर इतकें बारीक दिसलें नसतें. तीन कळांना समांतर तीन रिले जोडले. संगणकाचा हुकूम आला कीं रिले मिटतो आणि यंत्राला वाटतें, कोणी तरी कळ दाबली. हुकमाची भाषाही नवी करावी लागली नाहीं. 'यासू' या जपानी कंपनीनें ठरविलेली जीएस-२३२ ही भाषा सर्वत्र रूढ आहे : 'एम' या अक्षरापुढें अंश लिहिले कीं फीर, 'सी' म्हटलें कीं कोठें आहेस तें सांग, 'एस' म्हटलें कीं थांब. ही भाषा बोलणारा 'हॅमलिब' नांवाचा आज्ञावलींचा संग्रह हौशी लोकांनींच मिळून लिहिला असून तो विनामूल्य मिळतो. शेवटीं खरी उत्तर दिशा ठरविण्यासाठीं नातीनें होकायंत्रावर विश्वास ठेवला नाहीं. एका निरभ्र रात्रीं ती गच्चीच्या दक्षिण कठड्याशीं उभी राहिली व अँटेनेचा मधला दांडा तिनें ध्रुवाच्या रेषेंत आणविला.

एवढें झाल्यावर तरी सारें सुरळीत व्हावें; पण तसें झालें नाहीं. पहिल्याच दिवशीं संगणक जोडतांच तिन्ही रिले एकदम खटकन् वाजले, पाचर सुटली व वर अँटेना दचकल्यासारखी हालली. कारण असें निघालें कीं, संगणकाची जोडणी होतांच आर्डुइनो नव्यानें सुरू होतें, आणि आमचे रिले 'शून्य' मिळालें कीं मिटणाऱ्या जातीचे होते. आज्ञावलींत आम्हीं दारें आधीं उघडलीं व कडी लावण्याचें मागाहून सांगितलें. त्या क्षणार्धांत शून्य बाहेर पडलें. दोन ओळींची अदलाबदल केली आणि तो दोष गेला. दुसरी चूक अधिक गंभीर होती. ठरलेला अंश आला कीं मोटर व पाचर दोन्ही आम्हीं एकाच वेळीं सोडीत होतों. वरचें एवढें ओझें एकदम कसें थांबेल ? तें आपल्या वेगानें पुढें सरकत असतांनाच पाचर दांत्यांत शिरे व मनोरा पायापासून हादरे. म्हणून आधीं मोटर बंद करावयाची, पांच सेकंद वाट पाहावयाची व मग पाचर टाकावयाची, असें केलें. तिसरें, शंभर वॅटनें बोलूं लागतांच आंकडे वेड्यासारखे नाचूं लागले. तें तारांवर फेराइटचीं कडीं, दाराशीं धारित्र आणि सोळा वाचनांची सरासरी, अशा तीन उपायांनीं शमलें. आणखी एक सावधगिरी घेतली : मोटर चालू असून तीन सेकंदांत आंकडा बदलला नाहीं तर वीज आपोआप तुटावी. संक्रांतीच्या दिवसांत मनोऱ्याला किती मांजा गुंडाळला जातो हें आम्हांला ठाऊक आहे.

अखेर तो दिवस आला. पासोडी काढली. दादांना खुर्चीवर बसविलें. नातीनें गांवाचें नांव टंकिलें, संगणकानें दिशा काढली, अँटेना फिरली, थांबली, आणि संगणक मराठींत बोलला : "तीनशें एकोणीस अंश." आम्ही दादांच्या चेहऱ्याकडे पाहत होतों. आम्हांला वाटलें होतें कीं ते आनंदानें हात धरतील. ते म्हणाले, "छान केलेंत. आतां मी इथें कशाला बसूं ?"

आमच्या तोंडचें पाणीच पळालें. नातीच्या डोळ्यांत पाणी आलें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादांनींच हात पुढें करून पेटी चांचपली. "या कळा अजून चालतात का ?" त्यांनीं विचारलें. "चालतात, आजोबा. रिले त्यांना समांतरच आहेत," ती म्हणाली. "मग त्याला फिरवायला सांगूं नकोस. तो आंकडा बोलतो ना, तेवढा बोलूं दे. फिरवीन मी."

पांच मिनिटांत तिनें तें करून दिलें. दादांनीं मधली कळ दाबली, डावी दाबली. वरून तो ओळखीचा घरघराट आला. प्रत्येक पांच अंशांगणिक संगणक बोलत होता आणि दादा मान हालवीत होते. तीनशें वीसला त्यांनीं बोट उचललें. मधली कळ मात्र त्यांनीं सोडली नाहीं. मनांतल्या मनांत पांच मोजलें आणि मगच ती सोडली. अँटेना तीनशें एकोणीसवर जाऊन थांबली व पाचर आवाज न करतां बसली. जी गोष्ट शिकण्यासाठीं आम्हांला मनोरा हादरवावा लागला, ती त्या बोटांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होती.

आम्हीं त्या रात्रीं बराच विचार केला. दादांचे डोळे गेले होते, हात गेले नव्हते. आम्हीं मात्र डोळ्यांबरोबर त्यांचे हातही काढून घ्यावयास निघालों होतों, आणि तेंही प्रेमानें ! घरांतल्या वृद्धांच्या बाबतींत आपण असें किती वेळां करतों ? पाणी तांब्यांतून ओततांना हात कांपतो म्हणून तांब्याच उचलून ठेवतों. हिशेब एकदां चुकला म्हणून किल्ल्याच मागून घेतों. जेवढें उणें झालें तेवढेंच भरून द्यावें, उरलेल्याला हात लावूं नये, हें कौशल्य दोन हजारांच्या मंडलाहून दुर्मिळ आहे.

त्यानंतरच्या रविवारीं ब्रिटनचे ते गृहस्थ पहिल्या हांकेला आले. दोन महिने कोठें होतां, असें त्यांनीं विचारलें. दादा म्हणाले, "काटा नादुरुस्त होता. घरच्यांनीं दुरुस्त करून दिला." मग वारा नव्हता तरी वहिनींनीं खोलीचें दार हलकेंच लोटून घेतलें, आणि ती पासोडी धुऊन, घडी घालून, कपाटांत अगदीं तळाशीं ठेवून दिली.