गोळी पोचेपर्यंत

चिंचवडला आत्याकडे ४८६ कॉम्प्युटर होता आणि त्यावर ‘डूम’. आयडी सॉफ्टवेअरचा १९९३ सालचा हा खेळ फ्लॉप्यांवरून आमच्यापर्यंत पोचायला चार वर्षं लागली. आतेभावाने, म्हणजे दादाने, त्यासोबत कुणाकडून तरी खेळातले आकडे बदलून देणारं ‘डीहॅकएड’ही मिळवलं. मग आमचं खेळणं कमी झालं आणि बंदुका उसवणं वाढलं.

डूममधल्या पिस्तुलाची गोळी उडतच नसे. चाप ओढला की खेळ एक सरळ रेघ मारायचा. रेघेत जो येईल त्याला लागली. वेळ नाही, वजन नाही, वारा नाही. २०४८ एककांवर रेघ संपायची, त्यापलीकडचा राक्षस निर्धास्त. शॉटगन म्हणजे अशाच सात रेघा. खरोखर उडायचं ते रॉकेटसारखं मोजकंच.

त्या रॉकेटचा वेग पॅचच्या फाइलमध्ये १३१०७२० असा लिहिलेला असे. एवढा मोठा आकडा का, हे दादाने वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून शोधलं: २० गुणिले ६५५३६. खेळाचे सेकंदाला ३५ ठोके, आणि दर ठोक्याला रॉकेट वीस एकक पुढे. “पाच करून बघ,” दादा म्हणाला. मी ३२७६८० टाकलं. रॉकेट नळीतून निघालं ते पालखीच्या चालीने. मी त्याला मागे टाकून धावलो आणि समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आपलं रॉकेट आपल्याला धडकत नाही, त्यामुळे ते माझ्या अंगातून आरपार गेलं, पाठीमागच्या भिंतीवर फुटलं आणि त्या स्फोटाने मी मेलो. आम्ही इतके हसलो की आत्या हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

नवी बंदूक मात्र वाढवता येत नसे. पुढे मिळालेल्या ‘डूम २’मध्ये शस्त्रं नऊ, जागाही नऊच. काही नवं हवं तर जुन्यातलं एक घालवायचं. कुणाला घालवायचं यावर आमची अख्खी संध्याकाळ गेलेली आहे. शेवटी प्लाझ्मा गनचा बळी देऊन आम्ही राक्षसांचे आगीचे गोळे फेकणारी बंदूक केली. ज्या बंदुकांसाठी आम्ही एवढे भांडलो, त्यांतल्या काहींची चित्रं खेळण्यातल्या बंदुकांचे फोटो काढून केली होती, हे पुढे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

आता आम्ही ‘आर्मा ३’ खेळतो. बोहेमिया इंटरअॅक्टिव्ह या चेक कंपनीचा, २०१३ सालचा. मॉडमधून हव्या तेवढ्या रायफली येतात, कुणाला उठवावं लागत नाही. इथे गोळीला अंग आहे. ती खाली येते, हवा तिला अडवते. त्यात ‘एसीई’ हे मॉड घातलं की तापमान आणि हवेचा दाब यांनीही तिची वाट बदलते. स्वतःभोवती फिरताना ती किंचित बाजूला सरकते, पृथ्वीच्या फिरण्याचाही हिशेब होतो. शाळेत पाठ केलेलं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र मला इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आजची गोळी मला जुन्या रेघेपेक्षा जास्त आवडते, हे मी मनापासून सांगतो. पण तेव्हा अख्खी बंदूक वहीच्या एका पानावर मावत होती आणि ते पान मला पाठ होतं. आजच्या रायफलीची फाइल उघडली तर अर्धे आकडे अनोळखी असतात.

दादा जर्मनीत असतो. शनिवारी रात्री हेडफोनवर भेटतो. नेम माझा, वाऱ्याचं यंत्र त्याच्या हातात. पूर्वी तो आकडा सांगायचा आणि मी टाकायचो, तसंच.

“वारा डावीकडून, तीन मीटर. दीड मिल डावीकडे धर.”

धरतो. आठशे मीटरवर पत्र्याचं लक्ष्य आहे. चाप ओढल्यावर गोळी तिथे पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आम्ही दोघंही बोलत नाही.