अलिबागला होडीचे पैसे वाचवा

सुगी आटोपल्यावर पोराबाळांना समुद्र दाखवायचा बेत असेल, तर अलिबाग बरे. मुंबईहून गेटवे-मांडवा लाँचने जाणार असाल तर तिकीट काढतानाच विचारा. बऱ्याच लाँचच्या तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. मग रिक्षाला वेगळे पैसे कशाला?

खरी बचत पुढे, समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला जाताना. भरतीला होडी लागते, आणि पाच-सहा माणसांचे जाऊन-येऊन भाडे काही थोडे होत नाही. पूर्ण ओहोटीला मात्र पायी जाता येते. वेळ घरच्या पंचांगावरून काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून असेच मोजा. अष्टमी-नवमी टाळा, तेव्हा पाणी फारसे हटत नाही.

हिशेब ढोबळ आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारूनच पाण्यात पाय घाला. आत गणपतीचे देऊळ आहे, भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर आहे. मुले लवकर निघत नाहीत. तरी पाणी वळण्याआधी परता. उशीर झालाच, तर होडीनेच या. तिथे पैशाकडे पाहू नका.