वर्गणी सुव्याची, लग्न गौऱ्याचं

नागपूरहून सुटलेली गाडी सालेकशाचं जंगल आणि डोंगरगडची टेकडी मागे टाकून दुर्गला पोचते, तेव्हा मराठी प्रवाशाला अगदीच परमुलखात आल्यासारखं वाटत नाही. भोसल्यांच्या फौजा १७४१ साली छत्तीसगडात शिरल्या. मधली काही वर्षं सोडता १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरच्याच गादीकडे होता.

दुर्गला लागून असलेली भिलाई मात्र पोलादाची. १९५५ च्या सोव्हिएत करारातून कारखाना आला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली. टाउनशिपचे बहुतेक सेक्टर आकड्यांचे. रुआबांधा, रिसाली, मरोदा ही नावं तेवढी जुन्या गावांची.

पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली महाभारतकथा. पंडवानी गायिका ऋतु वर्मा याच रुआबांध्याच्या. जवळच्या गनियारीच्या तीजनबाई पारधी समाजातल्या. बाईमाणूस असून पंडवानी गाते म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकलं होतं. पुढे भिलाई कारखान्यात नोकरी, २०१९ साली पद्मविभूषण. त्यांचं नाव जगभर झालं.

पण दिवाळीच्या आधी या भागात फिरणाऱ्याला दारोदार भेटतो तो सुवा नाच, आणि त्यातल्या बायकांची नावं कुणी विचारत नाही.

सुवा म्हणजे पोपट. टुकनीत, म्हणजे टोपलीत, भात भरायचा, त्यावर मातीचा हिरवा पोपट बसवायचा. टोपली अंगणात मधोमध ठेवून बायका गोल धरतात. ढोल नाही, पेटी नाही. ताल फक्त टाळ्यांचा. अर्ध्या बायका कमरेत वाकून ओळ म्हणतात, उरलेल्या अर्ध्या ती उचलतात. सासरचा जाच, माहेरची ओढ, सगळं पोपटाच्या कानात. विदर्भात भुलाबाईची गाणी म्हणत वाढलेल्या बाईला हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की भुलाबाईत शेवटी खाऊ ओळखायचा असतो. इथे सुपातून तांदूळ आणि पैसे घ्यायचे असतात.

हे तांदूळ आणि पैसे कुठे जातात? गौरा-गौरीच्या लग्नाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोंड वस्तीत मातीचे शंकर-पार्वती घडवतात, गौरा बैलावर, गौरी कासवावर. रात्रभर लग्न लागतं, सकाळी वाजतगाजत तळ्यात विसर्जन. या लग्नाच्या खर्चाला सुव्याची कमाई लागते. प्रायोजक नाही, अनुदान नाही, बॅनर नाही.

बायकांच्या गटाला आधार मिळाला तर काय होतं, ते दूर ऑस्ट्रेलियात दिसतं. तिथल्या वाळवंटात आदिवासी बायका गवत विणून टोपल्या आणि शिल्पं करतात. त्यांचा ‘त्जान्पी’ गट १९९५ पासून चालतो. त्यांनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली आणि २००५ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यांच्या पाठीशी बायकांचीच परिषद आहे. सुव्याच्या गटाला ना नाव, ना कार्यालय. तरी हिशेब चोख असतो.

दिवाळीच्या आठवड्यात दुर्ग-भिलाईकडे गेलात, तर खिशात सुटे पैसे ठेवा. आणि मोबाइल काढण्याआधी टोपलीत काहीतरी घाला.